ओल धरणाऱ्या कणाचं माप

मृग लागला की पेण-रोह्याकडे घरोघरी मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. खाडीकाठच्या मिठागरातलं जाडं मीठ आधी पाघळतं, पुडीतलं बारीक मीठ मागाहून. अशा वेळी बरणीतल्या मिठाचा दाणा केवढा, असं कुणी विचारलं तर काय सांगणार? मे महिन्यात हे सोपं होतं. चाळणी घेतली, चाळलं, वर किती राहिलं आणि खाली किती पडलं ते वजन करून सांगितलं. जुलैत त्याच बरणीत काही दाणे कडा विरघळून बारीक झालेले असतात, काही एकमेकांना चिकटून ढेकळं झालेली असतात आणि तळाशी खारं पाणी साचलेलं असतं. मीठ तेच, पण दाण्याचं माप आता कशाचं घ्यायचं हेच ठरत नाही.

घरात या प्रश्नावाचून काही अडत नाही. कुंडलिकेच्या काठच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत मात्र अडतं. तिथे आणि अशा प्रत्येक रासायनिक वसाहतीत भुकटीच्या रूपातला माल विकताना त्याच्या शुद्धतेबरोबर त्याच्या कणांचा आकारही लिहून द्यावा लागतो. ‘९० टक्के माल १०० मेशमधून गेला पाहिजे’ अशी अट गिऱ्हाईक घालतं, आणि ती उगाच नसते. कण किती बारीक यावर माल किती वेगाने विरघळेल, रिॲक्टरमध्ये किती लवकर लागेल, हॉपरमधून सुटा पडेल की अडकून बसेल, पोत्यात किती मावेल आणि कामगाराच्या नाकात किती जाईल, हे सगळं ठरतं. हा माल हवेतली ओल ओढणारा असेल, तर मोजमाप करणाऱ्याचं निम्मं काम हवेशीच असतं. माझं म्हणणं एवढंच आहे की ओल धरणाऱ्या पदार्थाच्या कणाचा आकार सांगताना तो कोणत्या हवेत मोजला हे सांगितलं नाही, तर तो आकडा अर्धवट आहे.

ओल धरणं ही काही ढोबळ सवय नाही, तिला आकडा आहे. शुद्ध सोडियम क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ, २५ अंश सेल्सिअसला सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत बऱ्यापैकी कोरडं राहतं. त्याच्या वर आर्द्रता गेली की ते हवेतली वाफ ओढून स्वतःच्याच द्रावणात विरघळायला लागतं. मॅग्नेशियम क्लोराइडची ही सीमा ३३ टक्के आहे. समुद्राच्या पाण्यापासून केलेल्या कच्च्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड उरतंच, म्हणून मिठागरातलं मीठ पुडीतल्या मिठाच्या आधी ओलं होतं. पुडीतलं मीठ धुऊन शुद्ध केलेलं असतं, शिवाय त्यात दाणे चिकटू नयेत म्हणून पोटॅशियम फेरोसायनाइडसारखा पदार्थ अत्यल्प प्रमाणात घातलेला असतो. पोटॅशियम कार्बोनेटची सीमा ४३ टक्के, लिथियम क्लोराइडची ११ टक्के. कॉस्टिक सोडा तर दहाच्याही खाली. पावसाळ्यात किनाऱ्यालगत आर्द्रता ८५-९० टक्के असते हे लक्षात घेतलं, तर यातला कुठलाही पदार्थ उघड्यावर टिकणार नाही हे उघड आहे. कॉस्टिक सोड्याला कोकणात वर्षातला एकही दिवस कोरडा नाही.

या सीमा इतक्या पक्क्या आहेत की त्यांचा उलटा उपयोगही होतो. बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेवला, म्हणजे थोडं पाणी आणि न विरघळलेलं मीठ उरेल इतकं भरपूर मीठ, तर त्या डब्यातली आर्द्रता काही तासांत ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. मॅग्नेशियम क्लोराइडचा लगदा ठेवला तर ३३ वर. प्रयोगशाळेतला आर्द्रतामापक खरं बोलतो का, हे तपासायचा हा जुना आणि भरवशाचा मार्ग आहे. छोट्या कारखान्यालाही तो परवडतो. भिंतीवर टांगलेल्या मापकाची अशी तपासणी झालेलीच नसेल, तर पुढची सगळी आकडेमोड वाऱ्यावर जाते.

आता चाळणीकडे जाऊ. कणांचा आकार मोजायची सगळ्यात जुनी रीत हीच, आणि आजही बहुतेक कारखान्यांत हीच चालते. एकाखाली एक अशा तारेच्या जाळीच्या चाळण्या रचतात. सर्वांत वर मोठ्या भोकांची, खाली बारीक, तळाला बंद तबक. मेश म्हणजे इंचभर जाळीत किती भोकं. १०० मेशचं भोक १५० मायक्रॉनचं, २०० मेशचं ७५ मायक्रॉनचं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. वरच्या चाळणीत १०० ग्रॅम माल टाकायचा, शेकर दहा-पंधरा मिनिटं चालवायचा आणि प्रत्येक चाळणीवर उरलेला माल तोलायचा.

पावसाळ्यात, खिडकी उघडी ठेवून पोटॅशियम कार्बोनेट असं चाळायला घेतलं तर काय होतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिली दोन-तीन मिनिटं सगळं ठीक चालतं. मग खालच्या, बारीक चाळणीवर माल पसरायच्या ऐवजी गोळा व्हायला लागतो. बाजरीएवढ्या मऊ गोळ्या तयार होतात आणि चाळणी हलेल तशा त्या जाळीवर घरंगळत राहतात. चाळणी उजेडासमोर धरली तर निम्मी भोकं बुजलेली दिसतात, तारेवर ओलसर चकाकी असते. बोटाने जाळी चाचपली तर भुकटी सुटत नाही, फासली जाते. शेवटी सगळ्या चाळण्यांवरचा माल तोलून बेरीज केली की ती १०० ग्रॅमच्या वर जाते. तो वरचा भार पाण्याचा. चाळताना माल थोडा सांडतोच, त्यामुळे बेरीज शंभराच्या किंचित खाली यायला हवी. ती वर गेली तर ती चाचणी तिथेच रद्द करावी. ही तपासणी फुकट आहे, आणि तरी ती न करता अहवालावर सह्या होतात.

भुकटी अशी गोळा का होते? दोन दाणे जिथे टेकतात तिथे फार अरुंद फट असते. तिथे वाफ मोकळ्या पृष्ठभागापेक्षा लवकर पाण्यात बदलते आणि दोन दाण्यांमध्ये पाण्याचा बारीकसा पूल उभा राहतो. पृष्ठताणामुळे तो पूल दाण्यांना ओढून धरतो. दाणा लहान होत जातो तशी ही ओढ व्यासाच्या प्रमाणात कमी होते, पण वजन मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटतं. मिठाचा १०० मायक्रॉनचा दाणा घेऊन गणित केलं तर पुलाची ओढ दाण्याच्या वजनाच्या हजारपटींहून जास्त भरते. १० मायक्रॉनच्या दाण्याला ती लाखपटींच्या पुढे जाते. मग शेकरने कितीही हलवलं तरी वजनाच्या जोरावर दाणे सुटे होणार कसे? पुढे हवा कोरडी झाली की त्या पुलातलं पाणी उडतं, पण त्यात विरघळलेलं मीठ तिथेच स्फटिक होऊन बसतं. पाण्याच्या पुलाचा दगडी पूल होतो. कारखान्यात याला केकिंग म्हणतात, आणि मग पोत्यातला माल हातोड्याने फोडावा लागतो.

चुकीच्या मापाचा फटका कागदापुरता राहत नाही, म्हणून मला हा विषय महत्त्वाचा वाटतो. अहवाल सांगतो की माल जाडा आहे. प्लांटवाले मिल जास्त वेळ चालवतात. खरा कण, जो आधीच पुरेसा बारीक होता, तो आणखी बारीक होतो. कणाचा व्यास निम्मा झाला की ग्रॅमामागचा पृष्ठभाग दुप्पट होतो, म्हणजे ओल ओढायला दुप्पट जागा मिळते. हा जास्त बारीक माल आणखी लवकर गोळा होतो, आणि पुढच्या बॅचचा अहवाल म्हणतो, अजून जाडाच आहे. वीज जाते, वेळ जातो आणि गिऱ्हाइकाच्या गोदामात पोतं दगड होऊन पोचतं.

उपाय म्हणून पहिल्यांदा सुचतं ते सॅम्पल ओव्हनमध्ये वाळवणं. काही पदार्थांना ते चालतं, मिठाला तर उत्तमच. पण कॅल्शियम क्लोराइडच्या सहा पाण्याच्या स्फटिकाला ओव्हन कशाला, तो ३० अंशांच्या आसपासच वितळतो. मॅग्नेशियम क्लोराइडचे स्फटिक तापवले तर पाण्याबरोबर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफही निघते आणि मागे राहतो तो वेगळाच पदार्थ. शिवाय आधी ओला होऊन मग वाळलेला दाणा मूळ आकाराचा राहतच नाही. वाळवल्याने पाणी जातं, घडून गेलेलं जात नाही.

त्यापेक्षा ओल शिरूच न देणं बरं. इथे एक चूक हमखास होते, कारण ती काळजीपोटी होते. सॅम्पलची बाटली एसी खोलीत २३ अंशांना ठेवलेली असते आणि चाचणीसाठी ती बाहेर आणून लगेच उघडली जाते. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सुमारे २७ अंश असतो. त्याहून थंड असलेल्या प्रत्येक दाण्यावर दव पडणार. बाटली बंदच ठेवून आधी बाहेरच्या तापमानाला येऊ द्यायची आणि मगच उघडायची. नुसत्या एसीवर भरवसा ठेवण्यातही धोका आहे. तो हवा थंड करतो, पण पुरेसं पाणी काढलं नाही तर थंड हवेची सापेक्ष आर्द्रता उलट वाढते. वेगळा डीह्युमिडिफायर हवा, किंवा निदान सिलिका जेल ठेवलेली हातमोज्यांची बंद पेटी. मात्र हवा अतिकोरडी करण्यातही हशील नाही. आर्द्रता ३० टक्क्यांच्या बरीच खाली गेली की घासल्याने स्थिर वीज साठते आणि बारीक भुकटी पाण्यावाचूनच जाळीला चिकटून बसते.

दुसरी वाट म्हणजे कण अशा द्रवात बुडवणं ज्यात तो विरघळत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली हे डोळ्यांनी दिसतं. काचपट्टीवर मिठाचे दाणे नुसते ठेवून दमट हवेत पाहिले तर घनाचे काटकोनी कोपरे पाहता पाहता गोल होतात, भोवती चकाकणारी कड येते आणि शेवटी दाण्याच्या जागी थेंब उरतो. तेच दाणे लिक्विड पॅराफिनच्या थेंबात ठेवले तर कोपरे टोकदार राहतात, सावकाश बसून मोजावेत इतका वेळ. सिमेंटची घनता काढताना पाण्याऐवजी रॉकेल वापरतात तेही याच विचाराने.

आज बऱ्याच प्रयोगशाळांत लेझर विवर्तनाचं यंत्र असतं. द्रवात किंवा हवेत विखुरलेल्या कणांवर लेझर टाकतात. मोठा कण प्रकाश थोड्याच कोनात वळवतो, लहान कण जास्त कोनात. वेगवेगळ्या कोनांत किती प्रकाश आला यावरून कणांची वाटणी काढतात. त्यामागचं गणित गुस्ताव मी याने १९०८ मध्ये मांडलं होतं. उत्तर डी-१०, डी-५०, डी-९० असं येतं. डी-५० चाळीस मायक्रॉन म्हणजे निम्मा माल, घनफळाच्या हिशेबाने, चाळीस मायक्रॉनपेक्षा बारीक. मिनिटभरात छापील उत्तर येतं आणि त्याचा रुबाब असा असतो की कुणी शंका घेत नाही. पण यंत्राला ढेकूळ आणि दाणा यातला फरक कळत नाही. पाच दाण्यांची चिकटलेली गुठळी त्याच्या लेखी एक मोठा कण.

ओल्या पद्धतीत आयसोप्रोपिल अल्कोहोल नेहमीचं. ते स्वतःही हवेतलं पाणी ओढतं, म्हणून त्यात ३-ए जातीची मॉलिक्युलर सीव्ह टाकून ठेवतात. तिची भोकं इतकी लहान की पाण्याचा रेणू आत जातो, अल्कोहोलचा जात नाही. जो पदार्थ अल्कोहोलमध्ये थोडा विरघळतो, त्यासाठी आधी त्याच पदार्थाने संपृक्त केलेलं द्रावण वापरतात, म्हणजे आणखी विरघळायला जागा उरत नाही. ही युक्ती चांगली आहे, पण तापमानाकडे लक्ष हवं. गुठळ्या फोडायला अल्ट्रासॉनिक लहरी दिल्या की द्रव तापतो. पाण्यात पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता २० अंशांहून ४० अंशांवर जाताना दुप्पट होते. असा स्वभाव असलेल्या पदार्थाचे बारीक कण तापलेल्या द्रावणात नाहीसे होतात आणि डी-१० आपोआप वर सरकतो.

कोरड्या पद्धतीत दाबाच्या हवेने भुकटी फवारतात आणि फवाऱ्यातून लेझर जातो. कोकणात खरी मेख त्या दाबाच्या हवेत आहे. पावसाळी हवा सात बार दाबाला आणली की तिच्यातलं पाणी सुटतं. कॉम्प्रेसरच्या टाकीचा नळ उघडणाऱ्या कुणालाही हे माहीत आहे. ती हवा तशीच यंत्रात सोडली तर आपणच मालावर वाफ मारतो. म्हणून मध्ये ड्रायर बसवून हवेचा दवबिंदू उणे ४० अंशांपर्यंत खाली नेतात. दाबही शोधून काढावा लागतो. तो कमी असेल तर गुठळ्या फुटत नाहीत, फार वाढवला तर स्फटिकच मोडतात. दाब पायरीपायरीने वाढवत आकार टिपायचा; मध्ये जिथे तो स्थिर राहतो तिथलं माप खरं. एकाच दाबावर एकदाच मोजून दिलेल्या आकड्यावर माझा विश्वास बसत नाही.

त्या ड्रायरमध्ये ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना किंवा सिलिका जेल असतं, आणि त्यांच्याही दाण्याचा आकार मोजूनच ठरतो. सिलिका जेलच्या एका ग्रॅममध्ये आतल्या सूक्ष्म भोकांचा पृष्ठभाग सातशे चौरस मीटरच्या घरात असतो. ओल दाण्याच्या गाभ्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दाणा बारीक हवा. पण दाणे बारीक केले की हवेची वाट अडते आणि पंख्याला जास्त जोर लावावा लागतो. दोन ते पाच मिलिमीटरचे गोळे आपल्याला दिसतात ते या ओढाताणीतून निघालेल्या तडजोडीने.

शेतकऱ्याच्या हाती पडणारा ओल धरणारा कण म्हणजे युरिया. पेणवरून मालगाडीचा एक फाटा थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या कारखान्यात जातो. युरियाच्या दाण्याचा आकार १९८५ च्या खत नियंत्रण आदेशात कायद्यानेच बांधून दिला आहे: ९० टक्के माल २.८ मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, ८० टक्के माल १ मिलिमीटरच्या चाळणीवर राहिला पाहिजे आणि ओलावा १ टक्क्याच्या वर नको. दाणे एकसारखे असले तर शेतात खत सारखं पडतं. ३० अंशांना युरिया साधारण ७३ टक्के आर्द्रतेपर्यंत तग धरतो, अमोनियम नायट्रेट ५९ टक्क्यांपर्यंत. दोघांचं मिश्रण केलं तर ही सीमा थेट १८ टक्क्यांवर कोसळते. म्हणून ही दोन खतं कोरडी एकत्र कालवत नाहीत. मोजणाऱ्यानेही यातून घ्यायचं ते घ्यावं: आधीच्या मालाचा अंश राहिलेली, नीट न धुतलेली चाळणी आर्द्रतामापकापेक्षा मोठा घोटाळा करू शकते.

पेणमध्ये तर या विषयाचे दोन परस्परविरोधी नमुने एकाच कारखान्यात शेजारी शेजारी सापडतात. गणपतीच्या मूर्तींसाठी शाडूची माती आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दोन्ही वापरली जातात आणि दोन्ही ओल धरतात. शाडूचा कण पाण्यातच मोजावा. माती पाण्यात कालवून, थोडं सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट घालून ढवळली की कण सुटे होतात आणि मग कोणता कण किती वेळात तळाला जातो यावरून आकार निघतो. दोन मायक्रॉनच्या कणाला साध्या पाण्यात दहा सेंटिमीटर खाली उतरायला जवळजवळ आठ तास लागतात. मातीच्या कणाला त्या आठ तासांत काही होत नाही. प्लास्टरला पाण्यात आठ मिनिटंही देता येत नाहीत. जिप्सम सुमारे १५० अंशांना भाजून त्यातलं तीन चतुर्थांश पाणी घालवलं की प्लास्टर होतं, आणि पाणी मिळताच ते परत जिप्सम व्हायला धावतं. सुईसारखे नवे स्फटिक उगवतात, एकमेकांत गुंततात, त्यावरच तर मूर्ती घट्ट होते. अशा भुकटीचा आकार पाण्यात मोजला तर आकडा येईल, पण तो प्लास्टरचा नसेल. तिला अल्कोहोलच हवं. भर पावसात, गणेशोत्सवाच्या तोंडावर, तोंड उघडं राहिलेल्या पोत्यातही हाच प्रकार सावकाश चालू असतो. म्हणून अशा पोत्यातल्या मालाला गुठळ्या असतात आणि तो नीट धरत नाही.

कण हवेतच तरंगत असेल तर मोजणी आणखी नाजूक होते. लाटा फुटल्या की मिठाचे अतिसूक्ष्म कण वाऱ्याबरोबर आत येतात. असा कोरडा कण ८० टक्के आर्द्रतेत थेंब होतो आणि त्याचा व्यास जवळपास दुप्पट होतो. पण हवा पुन्हा कोरडी होऊ लागली की तो ७५ टक्क्यांना परत स्फटिक होत नाही, ४५ टक्क्यांच्या आसपास येईपर्यंत थेंबच राहतो. म्हणजे ६० टक्के आर्द्रतेच्या हवेत सारख्याच मिठाचे दोन कण वेगवेगळ्या आकाराचे असू शकतात. एक कोरड्या बाजूने आलेला, दुसरा ओल्या बाजूने. तिथे आर्द्रतेबरोबर कणाचा इतिहासही लागतो. प्रदूषणाचे पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे कण मोजणारे स्वस्त प्रकाशीय सेन्सर दमट पहाटे आकडा फुगवून दाखवतात तो याच फुगलेल्या थेंबांमुळे. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या पद्धतीत फिल्टरवर जमलेले कण तोलण्याआधी किमान २४ तास ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवतात. सतत मोजणाऱ्या चांगल्या यंत्रांमध्ये आत येणारी हवा वाटेतच किंचित तापवतात, म्हणजे मोजणीच्या जागी पोचेपर्यंत कणावरचं बरंचसं पाणी उडून गेलेलं असतं.